अणुशास्त्रज्ञांनो, कंपन्या दारात आल्या आहेत. आता तुम्ही बोललं पाहिजे

अणुऊर्जा खात्यातून निवृत्त होऊन वाशी, नेरुळ, सीवूड्स, बेलापूर, खारघर इथे स्थायिक झालेल्या शास्त्रज्ञ, अभियंते आणि तंत्रज्ञ मंडळींना,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

डिसेंबर 2025 मध्ये, हिवाळी अधिवेशनाच्या शेवटच्या आठवड्यात, संसदेने ‘शांती’ या नावाचा नवा अणुऊर्जा कायदा मंजूर केला. 1962 चा अणुऊर्जा कायदा गेला आणि अणुदुर्घटनेच्या नुकसानभरपाईचा 2010 चा कायदाही गेला. खासगी कंपन्यांना अणुवीज केंद्रं उभारायला आणि चालवायला वाट मोकळी झाली. अणुभट्टी किंवा तिचे भाग पुरवणाऱ्या कंपनीच्या सदोष मालामुळे अपघात झाला, तर तिच्याकडून भरपाई वसूल करण्याचा हक्क जुन्या कायद्याच्या कलम 17(ब) मध्ये होता. तो आता राहिला नाही. करारात तसं आधी लिहून घेतलं असेल तरच. विधेयक संसदीय समितीकडे पाठवा, नीट तपासा, ही विरोधकांची मागणीही मान्य झाली नाही.

तेव्हापासून मी वाट पाहत होते की तुमच्यापैकी कोणीतरी बोलेल. उद्योगजगताच्या प्रतिक्रिया वाचल्या, शेअर बाजारात कोणाचे भाव वधारले तेही वाचलं. ज्यांनी उभं आयुष्य अणुभट्ट्यांच्या सान्निध्यात काढलं, त्यांचा आवाज मात्र आपल्या या शहरात माझ्या कानावर आला नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि ते सगळ्यांना वाचता यावं म्हणून खुलं लिहिते आहे.

मी दिवाळे कोळीवाड्यातली. माझे वडील नाखवा होते, आई डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकायची. मी शिकले, विज्ञानाची पदवी घेतली आणि नेरुळच्या एका शाळेत निवृत्त होईपर्यंत विज्ञान शिकवलं. तुमच्यातल्या अनेकांची मुलं माझ्या वर्गात होती. विज्ञान प्रदर्शनाला तुम्ही परीक्षक म्हणून यायचात. तुमच्यापैकी एका गृहस्थांनी आठवीच्या मुलांना साखळी प्रक्रिया समजावली, तेव्हा वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. इतक्या प्रेमाने शिकवणारी माणसं मी थोडी पाहिली आहेत. हे पत्र परक्याने परक्याला लिहिलेलं नाही.

आमच्या जेट्टीवर उभं राहिलं की खाडीपलीकडे ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो आणि त्याच्या पायथ्याशी भट्टीचा घुमट. होड्या लागतात, बायका जाळ्यातून चिंबोऱ्या, कोळंबी, निवट्या वेगळ्या काढतात, प्लास्टिकच्या पिशव्या आणि चपला बाजूला फेकतात, आणि समोर पाण्यापलीकडे तो घुमट असतो. 4 ऑगस्ट 1956 रोजी तिथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली, 1960 मध्ये ‘सायरस’, 1985 मध्ये ‘ध्रुव’. आमच्या घरात त्याबद्दल कधी कोणी वावगं बोललं नाही. वाशीला मसाल्यांवर किरणप्रक्रिया होते, खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये कॅन्सरवर उपचार होतात. माझ्या वहिनीचा घशाचा कॅन्सर किरणोपचारांनीच आटोक्यात आला. अणुविज्ञानाचे उपकार आमच्या घरावर आहेत, आणि ते मी विसरणार नाही.

पण त्याच घुमटाची दुसरी गोष्टही आहे. सायरस कॅनडाने दिली, तिच्यातलं जड पाणी अमेरिकेने दिलं, दोन्ही शांततेच्या कामासाठी. 18 मे 1974 रोजी पोखरणला जो स्फोट झाला, त्यातलं प्लुटोनियम सायरसमधलं होतं. बाँब आणि वीज एकाच खात्यात, एकाच गुप्ततेच्या छत्राखाली वाढली. 1962 च्या कायद्यातल्या कलम 18 ने माहिती दडवण्याचा अधिकार सरकारला दिला, आणि बाँबसाठी घेतलेली ती गुप्तता विजेच्या केंद्रांनाही आपोआप मिळाली. एप्रिल 2000 मध्ये तर ट्रॉम्बेच्या अनुसंधान केंद्रातल्या सुविधा अणुऊर्जा नियामक मंडळाच्या देखरेखीतूनच काढून घेतल्या गेल्या. खाडी ओलांडली की लाखोंची वस्ती आहे. माझ्या नोकरीच्या काळात शाळेत आगीची कवायत झाली, भूकंपाची झाली. किरणोत्साराच्या आणीबाणीत मुलांना कुठे न्यायचं, खिडक्या लावून घ्यायच्या की बाहेर पडायचं, हे आम्हा शिक्षकांना एकदाही कोणी सांगितलं नाही. एवढी साधी गोष्ट सांगायला देशाची कोणती गुपितं फुटणार होती?

अहिंसेचा विषय निघाला की आपण बाँबपाशी थांबतो. बाँब वाईट, वीज चांगली, असा सरळ हिशोब मांडून मोकळे होतो. हिरोशिमानंतर गांधीजींनी जुलै 1946 मध्ये ‘हरिजन’मध्ये लिहिलं की मानवजातीला युगानुयुगं तारून नेणारी कोमल भावनाच या बाँबने बधिर केली. ते वाचताना मला नेहमी वाटतं की त्यांची काळजी स्फोटाच्याही पलीकडची होती. दूरवरून, कोणाचाही चेहरा न पाहता, कोणावरही राग न धरता माणसांचं आयुष्य उधळून टाकता येतं, आणि ते करणाऱ्याला रात्री शांत झोप लागते, ही सोय त्यांना भयंकर वाटली असावी. ती सोय बाँबपुरती राहिलेली नाही. करारात राहते, अधिसूचनेत राहते, नुकसानभरपाईच्या कमाल मर्यादेत राहते.

सत्याग्रहाचा गाभा काय आहे? आपल्या सत्यासाठी होणारा त्रास आपण आपल्या अंगावर घ्यायचा, समोरच्याच्या अंगावर ढकलायचा नाही. या एका कसोटीवर अणुवीजेचा आजचा व्यवहार घासून पाहा. वीज शहराला, नफा कंपनीला, श्रेय सरकारला. जोखीम मात्र किनाऱ्यावरच्या गावाला, जे ‘नको’ म्हणालं तरी त्याचं कोणी ऐकत नाही. कोणी बंदूक रोखलेली नसते, तरी ही हिंसाच आहे. ज्याला धोका पत्करायचा आहे त्याला विचारलंच नाही, एवढंच तिचं लक्षण.

गांधीजी यंत्राच्या विरोधात होते असं सांगून त्यांना निकालात काढणारे भेटतात. 1909 मध्ये लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना जहाजावर त्यांनी आधुनिक सभ्यतेवर जी कडक टीका लिहिली, ती जशीच्या तशी मला पटत नाही. रेल्वे आणि दवाखाना मला हवा आहे. पण पुढे त्यांनी शिवणयंत्राला मोकळ्या मनाने मान्यता दिली, कारण ते घरात बसतं, कष्ट हलके करतं आणि चालवणाऱ्याच्या हातात राहतं. यंत्र मूठभरांना कोट्यवधींच्या पाठीवर बसवत असेल तर त्याला विरोध, हे त्यांचं म्हणणं होतं. आपल्या शेजारच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा तर विज्ञानाचे भक्त. विज्ञान आणि अहिंसा एकत्र आली तर सर्वोदय, विज्ञान आणि हिंसा एकत्र आली तर सर्वनाश, असं ते सांगत फिरले. प्रश्न विज्ञान हवं की नको असा त्यांनी कधी ठेवलाच नाही. ते कोणाच्या हातात आणि कोणाच्या संमतीने, हा त्यांचा प्रश्न होता.

आणि हा प्रश्न फक्त संतांनी विचारला असंही नाही. तुमच्याच घरातल्या माणसाने विचारला होता. दामोदर धर्मानंद कोसंबी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, होमी भाभांच्या संस्थेत. 1950 च्या दशकात, अणुशक्तीचा जयघोष चालला असताना, या गणितज्ञाने सांगितलं की भारतासारख्या देशाला सूर्याची ऊर्जा जास्त सोयीची, कारण ती गावोगाव वाटून घेता येते. त्यांची आणि भाभांची पटेनाशी झाली आणि 1962 मध्ये त्यांची संस्थेतली नेमणूक पुढे वाढवली गेली नाही. त्यांचे वडील धर्मानंद बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक, 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरलेले. बापाने अहिंसेचा अभ्यास केला आणि मुलाने गणिताचा, पण दोघांचा ताठ कणा एकच होता. मराठी माणसाने कोसंबींचं हे देणं विसरू नये असं मला फार वाटतं. मेघनाद साहांनीही 1954 मध्ये लोकसभेत अणुऊर्जेवर खुली चर्चा मागितली होती. असं बोलणारे दोघेतिघे तेव्हाही एकटे पडले.

आता कंपन्यांकडे येते.

भोपाळचं नाव घेतल्याशिवाय 17(ब) समजत नाही. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री वायू सुटला. 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली. जून 2010 मध्ये न्यायालयाने कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोन-दोन वर्षांची शिक्षा सुनावली आणि देश संतापला. त्या संतापातून त्याच वर्षीच्या कायद्यात पुरवठादाराला जबाबदार धरणारं कलम आलं. अमेरिकन कंपन्यांना ते सुरुवातीपासून नको होतं. पंधरा वर्षं त्यांनी आणि त्यांच्या सरकारांनी ते काढा म्हणून लकडा लावला, आणि ते निघालं. मधल्या काळात काय झालं? भोपाळच्या कारखान्यात पडून असलेला 337 टन विषारी कचरा जानेवारी 2025 मध्ये पिथमपूरला हलवला गेला, अपघातानंतर चाळीस वर्षांनी. तोवर मूळ कंपनी दुसऱ्या कंपनीच्या मालकीची होऊन गेली होती. कचरा मात्र होता तिथेच पडून होता.

अणुउद्योगातही हेच पाहायला मिळतं. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्या, 1969 पासूनच्या. कोकणातल्या जैतापूर अणुप्रकल्पाचा करार डिसेंबर 2010 मध्ये फ्रान्सच्या अरेवाशी झाला. ती कंपनी कर्जात बुडाली आणि तिचा भट्ट्यांचा व्यवसाय दुसऱ्या फ्रेंच कंपनीला घ्यावा लागला. आंध्रातल्या कोव्वाडाला भट्ट्या देऊ करणारी वेस्टिंगहाउस मार्च 2017 मध्ये दिवाळखोरीत गेली. 2011 मध्ये अपघात झालेलं फुकुशिमाचं अणुकेंद्र चालवणारी जपानची टेप्को 2012 मध्ये सरकारलाच ताब्यात घ्यावी लागली. प्लुटोनियमचं अर्धायुष्य 24,000 वर्षं, हे मी तुम्हाला शिकवायला नको. पंचवीस-तीस वर्षांत नाव, मालक आणि देश बदलणाऱ्या कंपन्यांच्या हाती आपण ते सोपवतो आहोत.

पैशाचा हिशोबही पाहा. नव्या कायद्यात सर्वांत मोठ्या भट्टीसाठीही चालवणाऱ्याची जबाबदारी 3,000 कोटी रुपयांवर थांबते, सर्वांत लहान भट्ट्यांसाठी 100 कोटींवर. फुकुशिमाचा खर्च जपान सरकारने 2016 मध्ये 21.5 लाख कोटी येन धरला, म्हणजे आपल्याकडचे बारा लाख कोटी रुपयांच्या आसपास. 3,000 कोटी हा त्याचा चारशेवा भाग. मर्यादेपलीकडचं सरकार पाहील, असं सांगतात. सरकार म्हणजे तुमच्या-आमच्या करातून भरणारे आपणच.

माझ्या भावाच्या बोटीचा विमा आहे. पॉलिसीत काय लिहिलंय ते मराठीत सांग म्हणून त्याने कागद माझ्याकडे आणून दिला. बारीक अक्षरांत, काय भरून मिळणार नाही याच्या यादीत, युद्धाच्या खालोखाल एक ओळ होती: अणुइंधनातून किंवा अणुकचऱ्यातून होणारा किरणोत्सार आणि त्यामुळे होणारं दूषण. मग मी माझ्या घराच्या विम्याची पॉलिसी काढून पाहिली. तीच ओळ. तुमच्याही घरात असेल, कपाट उघडून पाहा. पूर, भूकंप, दंगल यांची जोखीम पैसे घेऊन उचलणाऱ्या विमा कंपन्या ही एक जोखीम आमच्याकडून उचलायला तयार नाहीत. 2015 मध्ये 1,500 कोटींचा अणुविमा निधी उभा राहिला, पण तो केंद्र चालवणाऱ्यांसाठी आणि पुरवठादारांसाठी. कंपनीला संरक्षण आहे आणि बोटीला नाही, हे भावाला समजावून सांगताना मला फार जड गेलं.

2011 च्या पावसाळ्यानंतर आमच्या कोळीवाड्यातल्या काही बायकांबरोबर मी राजापूर तालुक्यात, जैतापूर प्रकल्पाशेजारच्या साखरी नाट्याला गेले होते. एप्रिलमध्ये तिथे पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मच्छीमार गेला होता. बंदर मोठं, बोटींची गर्दी, बर्फ फोडण्याचा आवाज. बांगडा पाटीत रचता रचता तिथल्या बायका बोलत होत्या. माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे आणि वरचा वाडा इथली मिळून 938 हेक्टर जमीन घेतली होती आणि कित्येक शेतकऱ्यांनी भरपाईचे धनादेश घ्यायला नकार दिला होता. साखरी नाट्याची जमीन जात नव्हती, म्हणून त्यांना बाधित धरलंच नव्हतं. पण सहा भट्ट्या चालल्या की रोज सुमारे 5,200 कोटी लिटर पाणी समुद्रापेक्षा सुमारे पाच अंश जास्त तापमानाने परत समुद्रात सोडलं जाणार होतं. एका म्हाताऱ्या बाईने मला विचारलं की तुम्ही मास्तरीण आहात, तर सांगा, गरम पाण्यात मासळी राहते की जाते. मी सांगितलं की काही जाती टिकतात, काही दूर जातात, कालवं आणि अंडी यांना सर्वांत आधी फटका बसतो. ती म्हणाली की मग आमचं नाव बाधितांत का नाही? या प्रश्नाचं उत्तर प्रकल्पाच्या अहवालांत मी शोधलं. मच्छीमार तिथे एका तक्त्यातली ओळ होते.

आणि कशासाठी हे सगळं? तिथे बसवायच्या त्याच जातीची भट्टी फिनलंडमध्ये 2005 मध्ये बांधायला घेतली, 2009 मध्ये सुरू होणार होती, नियमित उत्पादन एप्रिल 2023 मध्ये सुरू झालं. फ्रान्सच्या स्वतःच्या फ्लामांव्हीलमध्ये 2007 साली काम सुरू झालं, वीज ग्रिडला मिळाली डिसेंबर 2024 मध्ये, आणि 3.3 अब्ज युरोचा अंदाज 13 अब्जांच्या पुढे गेला. दाभोळला एन्रॉनने आपल्याला काय शिकवलं? 1992 मध्ये घाईने सामंजस्य करार, विजेचा दर परवडेना म्हणून 2001 मध्ये केंद्र बंद, त्याच वर्षअखेर कंपनी दिवाळखोर. करार गुप्त होता, विरोध करणाऱ्या गुहागरच्या लोकांना लाठ्या मिळाल्या आणि बिल राज्याने भरलं. अणुभट्टीच्या बाबतीत असं झालं तर केंद्राला नुसतं कुलूप लावून भागणार नाही. भट्टी बंद केल्यावरही तिला वर्षानुवर्षं थंड ठेवावं लागतं.

ठाणे-बेलापूर रस्त्याने गेलात तर ऐरोली, रबाळे, महापे इथे खिडक्या नसलेल्या प्रचंड इमारती उभ्या राहताना दिसतील. ती डेटा सेंटरं आहेत. दिवस-रात्र वीज खातात. अमेरिकेत सप्टेंबर 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने थ्री माइल आयलंडची बंद पडलेली एक भट्टी पुन्हा सुरू करून तिची वीज वीस वर्षं घेण्याचा करार केला. (1979 च्या अपघातातली भट्टी वेगळी, ती तिच्याच शेजारी आहे.) हीच हवा आपल्याकडेही आली आहे. फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात 2047 पर्यंत 1 लाख मेगावॅट अणुवीजेचं लक्ष्य आणि छोट्या भट्ट्यांसाठी 20,000 कोटी रुपये जाहीर झाले. 2000 सालापर्यंत 10,000 मेगावॅट करू, असं खात्याने 1980 च्या दशकात सांगितलं होतं. त्या वर्षी 3,000 सुद्धा भरले नव्हते, हे तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. आज देशाच्या विजेत अणूचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आहे. सौरऊर्जेची क्षमता मात्र जानेवारी 2025 मध्येच 1 लाख मेगावॅट ओलांडून गेली.

तुमच्यातले काही म्हणतील की बाई, कोळशाचं काय? चंद्रपूरची, कोराडीची राख माणसं मारत नाही का? हवामान बदलाने पहिली बुडणार ती तुमचीच कोळीवस्ती. हे खरं आहे, आणि हा प्रश्न मी सर्वांत गंभीरपणे घेते. समुद्र वर येतोय हे आमच्या जेट्टीच्या पायऱ्यांवर दिसतं. कोळशाचं समर्थन मी करणार नाही. सौरऊर्जेच्या नावाखाली गुरचरण आणि माळरानं बळकावली जात असतील तर त्यालाही माझा तोच आक्षेप आहे. उद्या एखाद्या गावाने सगळं समजून घेऊन, मोकळ्या मनाने, ग्रामसभेत अणुभट्टी स्वीकारली, तर मला त्या गावाला अडवण्याचा अधिकार नाही. पण असं गाव मला अजून दाखवता आलेलं नाही. पश्चिम बंगालमध्ये हरिपूर, गुजरातमध्ये मिठी विरडी, जिथे लोकांना नाही म्हणायला थोडी जागा मिळाली तिथे ते नाहीच म्हणाले. तमिळनाडूत कुडनकुलमला नाही म्हणणाऱ्या हजारो लोकांवर देशद्रोहाचे गुन्हे लागले.

संमती कशी घ्यायची हे आमच्या या परिसराने देशाला दाखवलं आहे. 21 सप्टेंबर 2008 रोजी पेण तालुक्यातल्या 22 गावांत महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमीन द्यायची की नाही यावर सरकारी देखरेखीखाली मतदान झालं. आगरी बाया-माणसं सकाळपासून रांगेत उभी होती. कोणी दगड मारला नाही. त्या सेझला ती जमीन मिळाली नाही. याच मातीत 25 सप्टेंबर 1930 ला चिरनेरचा जंगल सत्याग्रह झाला, याच मातीत जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या भावासाठी उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळ्या झाल्या आणि पाच जण हुतात्मा झाले. नवी मुंबई 95 गावांच्या जमिनीवर उभी आहे. तुमची सोसायटी, माझी शाळा, दोन्ही त्यांच्या शेतांवर. विकासासाठी आधी द्या, हिशोब नंतर करू, या वचनाचं काय होतं ते आम्ही पाहिलं आहे.

म्हणून तुमच्याकडे आले आहे. मंत्र्यांना पत्रं लिहून झाली. कंपन्यांकडे पैसा आहे, वकील आहेत, जाहिराती आहेत. त्यांच्याकडे एकच गोष्ट नाही: अणुभट्टी प्रत्यक्ष चालवल्याचा अनुभव. तो तुमच्याकडे आहे. येत्या काळात तुमच्यापैकी अनेकांना फोन येतील. सल्लागार व्हा, संचालक मंडळावर या, एखाद्या परिषदेत दोन शब्द बोला. पगार चांगला असेल आणि मानही असेल. कोणी काय काम करावं हे सांगणारी मी कोण? पण एक हात जोडून मागते: कंपनीचे पैसे घेतलेत तर ते जाहीर सांगा, आणि मग तटस्थ तज्ज्ञ म्हणून टीव्हीवर, समितीवर किंवा जनसुनावणीत बसू नका. फुकुशिमाची चौकशी करणाऱ्या जपानी संसदेच्या आयोगाने जुलै 2012 मध्ये तो अपघात मानवनिर्मित ठरवला. सरकार, नियामक आणि कंपनी यांची मिलीभगत, असं स्पष्ट लिहिलं. तिथले अभियंते कमी हुशार होते म्हणून ते घडलं नाही. एकमेकांच्या खुर्च्यांवर बसण्याची सवय लागली होती.

तुमच्यातून बोलणारे आधीही निघाले आहेत. डॉ. ए. गोपालकृष्णन 1993 ते 1996 नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. नरोरात 1993 ला आग लागली, कैगात 1994 ला बांधकाम चालू असताना घुमटाचं काँक्रीट कोसळलं. त्यांच्या काळात मंडळाने 1995 मध्ये देशातल्या अणुकेंद्रांतल्या सुमारे 130 सुरक्षा त्रुटींचा अहवाल केला. तो गुप्त ठेवला गेला, पण ते पदावरून उतरल्यावर गप्प बसले नाहीत. माजी नौदलप्रमुख ॲडमिरल रामदास निवृत्तीनंतर आपल्या अलिबाग तालुक्यात येऊन राहिले आणि अखेरपर्यंत अण्वस्त्रांविरुद्ध बोलत राहिले. एप्रिल 2011 मध्ये तारापूरहून जैतापूरला निघालेल्या यात्रेतही ते होते. त्यांच्या देशभक्तीबद्दल कोणी शंका घेतली तर घेऊ द्यावी, ते डगमगले नाहीत.

नव्या कायद्याने नियामक मंडळाला वैधानिक दर्जा दिला ही चांगली गोष्ट झाली. 2012 मध्ये महालेखापरीक्षकांनी नेमक्या याच उणिवेवर बोट ठेवलं होतं. आता त्या मंडळाने कंपन्यांचे सुरक्षा अहवाल लोकांसमोर ठेवावेत, मराठीत ठेवावेत, यासाठी तुम्ही आवाज उठवा. पुरवठादाराची जबाबदारी कायद्यात परत आणा, असं तुमच्या सहीने लिहा. जमीन जात नाही पण समुद्र जातो अशा मच्छीमारांना बाधित धरा, असं सांगा. ट्रॉम्बेच्या समोर राहणाऱ्या आम्हाला आणीबाणीत काय करायचं ते शिकवा. यात तरी मतभेद असायचं कारण नाही. आणि तुमच्यापैकी ज्यांना माझं सगळं म्हणणं अमान्य आहे, अणुवीज कंपन्यांकडे गेली तर देशाचं भलं होईल असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी तर जरूर बोलावं. फक्त लोकांसमोर बोलावं, आणि लोकांना उलट प्रश्न विचारू द्यावेत.

वाशीच्या साहित्य मंदिराचं सभागृह आहे, आमच्या दिवाळ्यात देवळापुढचं मैदान आहे. साखरी नाट्याच्या बायकांना मी स्वतः घेऊन येईन; त्यांचे प्रश्न तयार आहेत. तारीख तुम्ही ठरवा. मांडव, खुर्च्या, माईक आणि येणाऱ्यांच्या जेवणाची जबाबदारी कोळीवाड्याची.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
दिवाळे कोळीवाडा, बेलापूर, नवी मुंबई